चौथीच्या जागी खडा

मुंबई बघायला जायचं, हे माझ्या शिलाई मशीनपाशी ठरलं. मानवतला माझ्या घराची पुढची खोली म्हणजे ब्लाऊज शिवायची खोली. दुपारची जेवणं उरकली की तिथं तिघीजणी येऊन बसतात. आक्का सगळ्यांत वडील. गावाच्या कडेला त्यांचं शेत आहे. अजूनही सकाळी कापसात एक फेरी मारून येतात आणि मग माझ्याकडं पाय पसरतात. शेजारच्या वहिनी, त्यांच्या मालकांचं किराणा दुकान आहे. तिसऱ्या बाई, शाळेत मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्या, पण बोलणं अजून फळ्यापुढचंच आहे. चौथी मी. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी नांदेडला दिलेली आहे, तिचा संसार तिला पुरून उरतो. दुपारचा तेवढा वेळ सोडला तर माझ्या घरात मशीनशिवाय कुणाचा आवाज नसतो.

विषय काढला आक्कांनी. त्यांचा नातू लहान असताना त्याच्या काळजाला भोक निघालं होतं. ऑपरेशन मुंबईला झालं. तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या आक्कांना कुणीतरी समुद्रकाठच्या देवीचं सांगितलं. पोरगं पायानं चालत घरी आलं तर ओटी भरायला येईन, असं त्या तिथूनच हात जोडून बोलल्या. पोरगं चालत आलं. आता तर मोटारसायकल उडवत फिरतं. नवस मात्र राहिला. त्याला साधा ताप आला तरी आक्कांचा चेहरा उतरतो, कारण त्यांना डॉक्टरच्या आधी ती देवी आठवते.

"कुनी नेत न्हाई मला," त्या म्हणाल्या. "पोराला सुट्टी न्हाई अन् सुनंला कटाळा हाय."

"आपण जाऊ की," मी म्हणाले. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले आणि मलाच नवल वाटलं. कारण मी परभणीलाही एकटी जायची म्हटलं तर दोनदा विचार करते.

मी समुद्र पाहिलेला नाही. गोदावरी भरलेली पाहिली आहे, धरण पाहिलं आहे, आणि टीव्हीवर समुद्र पाहिला आहे, पण त्याला वास नसतो. शिवाय आमचं घराणं शंकराचं. गळ्यात लिंग, सकाळी त्याची पूजा केल्याशिवाय तोंडात घास नाही. शाळेच्या पुस्तकात घारापुरीच्या लेण्यातला तीन तोंडांचा शंकर होता. लहानपणी मी त्या चित्रावर बोट फिरवून फिरवून तो कागद पातळ केला होता. तो मला बघायचा होता. पण खरं सांगायचं तर समुद्र आणि शंकर दोन्ही नंतर. मला हवं होतं ते गाडीत समोरासमोर बसणं. डबा उघडला की चार हात आत जातात, त्यातला एक आपला असणं. एकटीनं जेवायची सवय झाली आहे असं मी लोकांना सांगते, ते खोटं आहे. त्याची सवय होत नाही.

मग आमचं नियोजन सुरू झालं, आणि ते प्रत्यक्ष प्रवासापेक्षा कितीतरी मोठं होतं. संक्रांत झाल्यावर आणि लग्नसराई लागायच्या आत जायचं, कारण एकदा लग्नाचे ब्लाऊज आले की मला मान वर करायला फुरसत नसते. फोन मला बऱ्यापैकी जमतो, म्हणून तिकीट काढायचं काम माझ्याकडं आलं. चौघींचे बर्थ शेजारीशेजारी मिळाले तेव्हा मला कोण आनंद झाला. ते तिकीट मी तिघींच्याही फोनवर पाठवलं. आक्कांच्या फोनवर ते दिसत नव्हतं तरी पाठवलं.

रोज दुपारी मी कपड्यावर खुणा करायच्या खडूनं फरशीवर मुंबई काढायची. इथं आपली धर्मशाळा, इथं देवी, इथून बोट. लेणी सोमवारी बंद असतात हे मी फोनवर शोधून काढलं, तर आक्का माझ्यावरच उखडल्या.

"सोमवारी म्हादेव बंद? मंग कवा उघडा असतो?"

"तो सरकारी महादेव आहे," बाई म्हणाल्या. "त्याला साप्ताहिक सुट्टी असते."

वहिनींना एका नटाच्या बंगल्यासमोर उभं राहायचं होतं. नुसतं उभं राहायचं, आत जायचं नाही, हे त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या, जसं काही आतून आग्रह चालला होता. बाईंना वस्तुसंग्रहालय बघायचं होतं. त्यावर आम्ही तिघी एकदम गप्प व्हायचो. आक्कांना एकच काळजी. एवढं पानी हाय म्हनतेत, पन प्यायचं पानी कुटून आनतेत? शेवटी त्यांच्यासाठी घरचं पाणी न्यायचं ठरलं. शेंगा आक्कांनी आणायच्या, चहा-साखर आणि फरसाण वहिनींनी, गोळ्या-औषधं बाईंनी. दशम्या माझ्याकडं. दुधात भिजवलेल्या पिठाच्या, म्हणजे परत येईपर्यंत खराब व्हायच्या नाहीत.

आणखी एक उद्योग मी आपण होऊन केला. गर्दीत कुणी चुकलं तर लांबून ओळखू यावं म्हणून एकाच ताग्यातलं मोरपंखी कापड आणून चार ब्लाऊज शिवले. आक्कांच्या ब्लाऊजला आतून खिसा ठेवला. बाईंना मोरपंखी आवडत नाही, तरी त्यांनी घालून बघितला आणि आरशासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. ते चार ब्लाऊज मशीनमागच्या दोरीवर ओळीनं टांगले होते. काम करता करता मी मान वळवून त्यांच्याकडं बघायची.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी वालूरहून फोन आला. माझे चुलत दीर गेले. बरेच दिवस आजारी होते. मी वहिनींच्या दारात उभ्या उभ्या सांगितलं की दीर गेले, जाऊन येते, उद्या येतेच. त्या म्हणाल्या, "जावा तुमी, इकडची फिकीर करू नका." मी बस पकडली.

आमच्यात माणूस जाळत नाहीत. दिरांना मांडी घालून बसवलं, कपाळाला भस्म लावलं, लिंग त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्याच शेतात समाधी दिली. जंगमांनी मंत्र म्हटले, बेल वाहिला, माती लोटली. मला त्यांचं वाईट वाटलं. माझ्या लग्नानंतर सासरी माझ्याशी पहिल्यांदा हसून बोललेला माणूस तो. जाऊबाईंपाशी रात्रभर बसले. सकाळी त्याच म्हणाल्या, "जा आता. तुझं जायचं ठरलंय ना? समुद्र बघून ये." कारण आमच्यात सूतक धरत नाहीत. गळ्यात लिंग असलेल्याला मरणाचा विटाळ नसतो, हे मी वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की मला दुसरं काही सुचतच नाही. आता आमच्यातलीही काही घरं शेजारपाजारचं बघून दहा दिवस पाळतात. माझ्या माहेरी कधी पाळलं नाही आणि मीही पाळत नाही.

दुपारी घरी आले, डोक्यावरून पाणी घेतलं, पूजा केली आणि दशम्यांचं पीठ मळायला बसले. त्या दुपारी तिघींपैकी कुणी आलं नाही. सगळ्या आपापल्या पिशव्या भरत असतील असं मी धरलं. दोरीवर माझा एकटीचाच ब्लाऊज होता, बाकीचे तिघी घेऊन गेल्या होत्या. दशम्या झाल्या, तिळाची चटणी झाली, दाण्याची झाली. मोठा डबा भरला. ब्लाऊज घातला, कुलूप लावलं आणि ठरल्या वेळी वहिनींच्या दाराशी गेले.

त्यांच्या दाराला कुलूप होतं. मी दुकानाकडं गेले. वहिनींचे मालक तराजूशी होते. मला बघून त्यांनी हातातली साखर पुन्हा पोत्यात ओतली.

"त्या गेल्या की स्टेशनला. तुमी वालूरलाच असताल म्हनलं."

म्हणजे गैरसमज झाला, एवढंच माझ्या मनात आलं. माझा फोन येण्याची वाट बघून निघाल्या असतील बिचाऱ्या. मी रिक्षा केली आणि त्या माणसाला घाई करायला लावली. स्टेशन गावापासून लांब आहे. वाटेत कापसाच्या गाड्या आडव्या आल्या तेव्हा मी त्यांच्यावर मनातल्या मनात इतकी चिडले की मला देवाची माफी मागावी लागली.

फलाटावर तिघी लांबूनच दिसल्या. तीन मोरपंखी ब्लाऊज. माझी अक्कलहुशारी कामी आली असं वाटून मी हात हलवला. वहिनींनी हात वर केला आणि अर्ध्यातच खाली घेतला. मी जवळ जाऊ लागले तशा आक्का दोन पावलं मागं सरकल्या आणि ओटीची पिशवी त्यांनी पदराखाली घेतली.

"लांबूनच बोल, माय," त्या म्हणाल्या.

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी हसलेच. म्हणाले, "अहो आक्का, आमच्यात सूतक नसतं. मी अंघोळ करून, पूजा करून आलेय."

"तुमच्यात नसंल, माय. मी कुटं न्हाई म्हनते?" त्यांनी पदराखालची पिशवी घट्ट धरली. "पन नवस माझा हाय. लेकराच्या जीवाचा हाय. त्याला काई झालं तर मी कुनाला इचारू?"

माझ्या वडिलांकडं यावर उत्तर असतं कदाचित. मी बाईंकडं बघितलं. शाळेत त्या मुलांना ग्रहणात जेवायला लावायच्या, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. म्हटलं आता या बोलतील. बाई हातातल्या रुमालाकडं बघत होत्या. रुमालात काहीतरी बांधलेलं होतं. वहिनींनी माझी नजर बघितली आणि न विचारताच सांगून टाकलं.

"तिघीच झालाव ना, काकू. तिघींनी कसं निघावं? म्हनून चौथा खडा घेतलाय."

हे मलाही माहीत होतं. तिघांनी मिळून शुभ कामाला निघू नये, निघायचंच झालं तर एक खडा उचलून बरोबर घ्यायचा आणि त्याला चौथा धरायचं. आमच्याकडंही करतात. मी स्वतः माझ्या मुलीचं स्थळ बघायला जाताना असा खडा घेतला होता आणि नंतर तो कुठं टाकला हे मला आठवतही नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "आक्कांच्या समाधानासाठी हो, ताई. दुसरं काही नाही."

मी डबा पुढं केला. म्हणाले, "बरं, मग हे तरी न्या. वाटेत खायला काय कराल?" वहिनींनी सवयीनं दोन्ही हात पुढं केले. मग त्यांनी आक्कांकडं बघितलं आणि हात मागं घेऊन पदराला पुसले. त्या हातांना काही लागलेलं नव्हतं. सूतक असलेल्या घरचं अन्न चालत नाही. ते त्यांनी मला तोंडानं बोलून दाखवलं नाही, एवढं मात्र त्यांचं चांगलं.

गाडी आली. माझ्या फोनमध्ये माझं तिकीट होतं, माझ्या नावावर बर्थ होता, आणि मला कुणी हात धरून अडवलं नसतं. दुसऱ्या डब्यात कुठंतरी बसूनही जाता आलं असतं. पण ओटी भरताना आक्कांच्या मनात किंतु राहिला असता आणि पुढं पोराला नुसती शिंक आली तरी त्यांना मी आठवले असते. असा किंतु मागं ठेवून मला समुद्रापर्यंत जायचं नव्हतं. मी आक्कांना म्हणाले, "नीट जा. बोट सोमवारी घेऊ नका." त्या रडत होत्या. मला रडू आलं नाही, राग आला. गाडी सुटल्यावर मी तिथंच बाकावर बसून राहिले. मोरपंखी ब्लाऊज घातलेली मी एकटीच फलाटावर राहिले होते, आणि आता मात्र मला कुणी ओळखायची गरज नव्हती.

परतीच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "कुनाला सोडाया आल्ता?"

"मैत्रिणींना," मी म्हणाले.

नंतरचे दिवस मी ती सहल घरातच केली. चौघींच्या दशम्या होत्या आणि खाणारी मी एक. टाकवत नव्हत्या. सकाळी पूजा करून दशमी घेऊन बसले की मनात यायचं, आत्ता त्या उतरल्या असतील. दुपारी वाटायचं, आत्ता बोटीत असतील. आक्का डोळे मिटून बसल्या असतील, आणि बाई सगळ्यांना भरती-ओहोटी समजावून देत असतील. बेत माझाच होता, त्यामुळं त्या कुठल्या वेळी कुठं असतील हे मला घरबसल्या कळत होतं. मी घारापुरीच्या वेळी जेवले आणि चौपाटीच्या वेळी चहा घेतला. दशम्या दिवसेंदिवस कडक होत गेल्या. दुधात कुस्करून खाल्ल्या.

वहिनींनी एक फोटो पाठवला. मागं नुसतं पाणी, पुढं दगडी कठडा. कठड्याला टेकून आक्का आणि वहिनी, मग एका माणसाची जागा रिकामी, मग बाई. वाऱ्यानं तिघींचे पदर उडालेले. ती मधली रिकामी जागा बघून मला वाटलं, यांना नीट जवळ उभं राहायलाही जमत नाही. फोन उपडा ठेवून दिला.

त्या परत आल्या हे मला वहिनींच्या घरातल्या आवाजावरून कळलं. भिंत एकच आहे. आक्कांचं हसणं ऐकू आलं. पण माझ्याकडं कुणी आलं नाही. सूतक ना. गल्लीतल्या बायकाही माझ्या दुःखाचा मान ठेवून येत नव्हत्या. ब्लाऊजपीस घेऊन कुणी आलं नाही, हळदीकुंकवाचं आमंत्रण तर मला तसंही नसतं. ज्या विटाळावर माझा विश्वास नाही तो मी लोकांच्या वतीनं दिवस मोजून पाळत होते. सकाळी लिंग तळहातावर घेऊन बसले की मी भांडायची. म्हणायची, तुझ्यामुळं मला विटाळ नाही म्हणतात, मग हे घर असं का पडलं आहे? त्याच्याशी भांडून झालं की बरं वाटायचं. दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं.

तेराव्या दिवसानंतर तिघी आल्या. दुपारी, नेहमीच्या वेळी, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. आक्कांनी प्रसाद दिला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वहिनींनी शिंपल्यांची माळ आणली होती. बाईंनी माझ्यासाठी त्या तीन तोंडांच्या शंकराचं चित्र आणलं होतं, वस्तुसंग्रहालयातून. मी चहा टाकला. आधी ठरवलं होतं की टाकायचा नाही. पण त्या येऊन बसल्या आणि खोलीत जी ऊब आली ती मला सोडवेना. मी काही मोठ्या मनाची नाही. मला फक्त एकटीचा कंटाळा आला होता.

"फोटू बघितला का?" वहिनींनी विचारलं. "तुमी बी हाव त्यात."

मी म्हणाले, कुठं आहे मी?

त्यांनी फोटो मोठा करून दाखवला. रिकाम्या जागी कठड्यावर खडा ठेवलेला होता. बारका, काळपट. मग तिघी एकमेकींचं बोलणं तोडत सांगू लागल्या. गाडीत माझ्या बर्थवर त्यांनी तोच ठेवला होता. बोटीत खिडकीची जागा त्याला दिली होती. वहिनींनी बंगल्यासमोर त्याला वर धरलं होतं आणि म्हटलं होतं, बघा काकू, पडदा हलला. लेण्यात आक्कांनी तो शंकराच्या पुढं धरला, तिथला पहारेकरी ओरडला तरी धरला. "म्हनलं, हिची लय इच्छा होती," आक्का म्हणाल्या.

त्या मनापासून सांगत होत्या. मला कळत होतं की या मला विसरल्या नव्हत्या. आणि त्याच वेळी, मी घरात दशमी दुधात कुस्करत असताना माझ्या जागी बसून एक दगड समुद्र बघत होता, याचा मला हेवा वाटला. माझ्यापेक्षा त्याला नेणं सोपं होतं. त्याचं कुणी मेलेलं नव्हतं.

"आणला का तो?" मी विचारलं. मला तो हवा होता. कशाला, ते सांगता येणार नाही. मशीनवर ठेवला असता.

तिघी एकमेकींकडं बघू लागल्या.

"समुद्रात सोडला," आक्का म्हणाल्या. "काम झालं की सोडून द्यायचा असतो ना."

"बरोबर," मी म्हणाले.

"पुढच्या साली चौघी जाऊ," वहिनी म्हणाल्या. "तुमाला घेतल्याबिगर पाय उचलनार न्हाई."

मी हो म्हणाले. त्या गेल्यावर चार कप विसळले, दिवा लावला आणि अर्धवट राहिलेली बाही शिवायला घेतली. तिकडचं सगळं मला पाठ आहे. कुठल्या दिवशी लेणी उघडी असतात, बोट कुठून सुटते, धर्मशाळेत कुठल्या खोलीला खिडकी आहे. तिघींचे मोरपंखी ब्लाऊज आता धुऊन धुऊन फिके पडले आहेत, आक्का तर शेतातही घालून जातात. माझा नव्यासारखा आहे. पुढच्या सालाची वाट न बघता एखाद्या मंगळवारी कुणाला न सांगता निघावं, असं मनात येतं. फोनवर एका माणसाचं तिकीट काढायला घेते आणि अर्ध्यात थांबते. तिघी निघाल्या तर चौथा खडा घ्यायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. एकटीनं निघायचं तर बरोबर काय घ्यायचं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.